आधी उतार, मग चढ : ग्रँड कॅन्यनमधील एका दिवसाच्या पदभ्रमंतीचे प्रकरण

पार्श्वभूमी

नौपाड्यातील एका कुटुंबातील चौघे जण काही वर्षांपूर्वी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या ग्रँड कॅन्यन राष्ट्रीय उद्यानात ब्राइट एंजल नावाच्या पायवाटेने एका दिवसासाठी दरीत उतरले आणि ठरल्यापेक्षा जवळजवळ सात तास उशिरा, अंधारात वर आले. कोणाच्या जिवावर बेतले नाही, कोणाला इस्पितळातही न्यावे लागले नाही. तरीही हे प्रकरण सविस्तर मांडावेसे वाटते, कारण त्यातली माणसे सह्याद्रीत वर्षानुवर्षे फिरलेली होती, त्यांनी ठाण्यात बसून अभ्यास केला होता, आणि त्यांचा प्रत्येक निर्णय त्या त्या क्षणी अगदी सयुक्तिक वाटत होता. ठाणे आणि नवी मुंबईतून मुलाकडे, भावाकडे अमेरिकेला जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. शाळा-कॉलेजांच्या सुट्ट्यांमुळे त्यांतले बहुतेक जण मे-जूनमध्येच जातात आणि वाळवंटातील दऱ्यांसाठी नेमका हाच काळ कठीण असतो.

चौघांमध्ये ज्येष्ठ होते काका, वय ५९. पावसाळा वगळता दर रविवारी येऊरच्या जंगलात किंवा मामा-भांजे डोंगरावर जाणारे, हरिश्चंद्रगड नळीच्या वाटेने चढलेले, आणि कुटुंबात डोंगराच्या बाबतीत ज्यांचा शब्द अखेरचा असे गृहस्थ. त्यांची २८ वर्षांची मुलगी बँकेत नोकरीला आहे. नियोजनाची वही तिच्याकडे होती. ३३ वर्षांचा पुतण्या तीन वर्षांपासून फिनिक्स शहरात राहत होता. चौथा काकूंचा भाचा, कळव्याचा, वय २४, लांब पल्ल्याच्या शर्यती धावणारा आणि चौघांत निःसंशय सर्वांत तंदुरुस्त. काकू स्वतः दरीत उतरणार नव्हत्या. त्या काठावर थांबणार होत्या. पुढची हकीकत या पाचही जणांशी झालेल्या बोलण्यावरून, मुलीच्या वहीवरून आणि छायाचित्रांवर उमटलेल्या वेळांवरून जुळवली आहे. ओळख पटेल असे तपशील त्यांच्या संमतीने गाळले आहेत.

प्रश्न नेमका काय होता

सह्याद्रीतला जवळजवळ प्रत्येक ट्रेक पायथ्याच्या गावातून सुरू होतो. ताजेपणी चढ होतो, दम लागतो, आणि आपल्याला पुढे जाता येईल की नाही हे पहिल्या तासाभरातच शरीर सांगते. ज्याला जमत नाही तो गावाच्या जवळच असतो, आणि परत फिरणे म्हणजे उतरणे असते. दरीत हे सगळे उलट होते. गाडी काठावरच थांबते, सकाळच्या गारव्यात उतार सुरू होतो, पाय आपोआप पडत जातात आणि कोणालाच काही त्रास होत नाही. परत फिरण्याची वेळ येते तेव्हा मात्र सगळा चढ पुढे असतो, ऊन डोक्यावर आलेले असते आणि अंगातली ताकद निम्मी झालेली असते. उतरताना आपण किती खर्च केला हे कळण्याची सोयच या वाटेवर नाही.

त्यात उष्णतेची भर पडते. ब्राइट एंजलची सुरुवात समुद्रसपाटीपासून सुमारे २,०९० मीटरवर आहे, म्हणजे दरीचा काठच कळसूबाईच्या शिखरापेक्षा जवळजवळ साडेचारशे मीटर उंच आहे. तिथे जूनमध्येही पहाटे स्वेटर लागतो. खाली उतरावे तसे दर शंभर मीटरमागे साधारण एक अंश सेल्सिअसने तापमान वाढत जाते आणि नदीकाठी उन्हाळ्यात सावलीतले तापमान चाळीस अंशांच्या वर जाणे नेहमीचे आहे. म्हणजे माणूस काही तासांत पाचगणीच्या सकाळीतून चंद्रपूरच्या दुपारीत जातो. उद्यान प्रशासन म्हणूनच उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात दरीत चालू नये असे सांगते, आणि एका दिवसात नदीपर्यंत जाऊन परत येण्याचा प्रयत्न करू नका अशा पाट्या वाटेवर लावते.

ठाण्यात तोललेले पर्याय

एप्रिल-मे महिन्यांत घरी तीन-चार बैठका झाल्या. काकांचा पहिला विचार नदीपर्यंत जाण्याचा होता. जाऊन-येऊन सुमारे २५ किलोमीटर आणि १,३०० मीटरच्या वर उतार-चढ हा हिशेब त्यांना अवघड वाटला नाही. पुतण्याने उद्यानाची सूचना दाखवल्यावर त्यांनी तो विचार सोडला आणि तो मनापासून सोडला, हे नोंदवले पाहिजे.

साउथ कायबाब या दुसऱ्या वाटेवर सीडर रिजपर्यंत जाण्याचा पर्यायही होता. हे अंतर जाऊन-येऊन जेमतेम पाच किलोमीटर, उतार सुमारे ३४० मीटर आणि देखावे उत्तम. पण त्या वाटेवर पाणी कुठेच नाही आणि सावलीही नावापुरती. इतक्या लांब येऊन एवढेसेच चालायचे का, असा सूर निघाला आणि तो पर्याय मागे पडला. ब्राइट एंजलवर दीड मैलावर आणि तीन मैलांवर विश्रांतीच्या दगडी शेड आहेत. तिथे उन्हाळ्यात पाण्याचे नळ सुरू असतात, मात्र हे पाणी उत्तर काठाखालच्या रोअरिंग स्प्रिंग्ज या झऱ्यांमधून एका जुन्या जलवाहिनीने येते आणि ती वरचेवर फुटते, त्यामुळे त्या दिवशीची स्थिती काठावरच्या फलकावर पाहूनच निघावे लागते. साडेचार मैलांवर, म्हणजे ७.२ किलोमीटरवर, हवासुपाई गार्डन्स आहे. झरा, कॉटनवुडची दाट झाडे, पाणी आणि रेंजरचे, म्हणजे उद्यानाच्या रक्षकांचे, ठाणे असलेली ही हिरवी जागा २०२२ पर्यंत इंडियन गार्डन या नावाने ओळखली जात असे आणि मुलीच्या वहीत तेच जुने नाव आहे. तिथपर्यंतचा उतार सुमारे ९३० मीटर आहे.

मुलीचा कल तीन मैलांवरच्या शेडपर्यंत जाऊन परतण्याकडे होता. काका आणि भाचा गार्डनच्या बाजूने होते. शेवटी वहीत जे लिहिले गेले ते असे : "पहाटे पाचला सुरुवात. इंडियन गार्डन. जमलं तर प्लॅटो पॉइंट. दोनपर्यंत वर." प्लॅटो पॉइंट गार्डनच्या पुढे दीड मैलावर आहे. तिथून कोलोरॅडो नदी चारेकशे मीटर खाली दिसते, आणि तिथवरची वाट जवळजवळ सपाट पण पूर्णपणे उघडी आहे.

या ओळीतले "जमलं तर" हे दोन शब्द मला सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचे वाटतात. काय झाले म्हणजे जमले म्हणायचे, हे कोणी ठरवले नाही. घड्याळात किती वाजले असले पाहिजेत, ऊन किती, कोण किती थकलेला, यांपैकी एकही कसोटी तिथे नाही. म्हणजे तो निर्णय ठाण्यातल्या पंख्याखाली घ्यायचा टाळून दरीच्या तळाशी घेण्यासाठी राखून ठेवला गेला. तिथे तो घेणार कोण, तर साहजिकच काका.

तयारी मात्र चांगली झाली होती. मेच्या उकाड्यात येऊरला सलग तीन आठवडे चालल्याने शरीराला उष्णतेची सवय लागली. ही सवय लागायला आठवडा ते दोन आठवडे लागतात आणि नंतर काही आठवड्यांत ती ओसरते, त्यामुळे वेळही योग्य साधली होती. काका रक्तदाबासाठी लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी घेत असल्याने मुलीने निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांशी बोलून घेतले. अशा गोळ्यांनी रक्तातले सोडियम कमी होऊ शकते आणि उन्हात हा धोका वाढतो. पन्नाशीपुढच्या कोणीही हे पाऊल चुकवू नये.

त्या दिवशी सकाळी

भारत आणि ॲरिझोना यांच्यात साडेबारा तासांचे अंतर आहे. ठाण्याहून गेलेले चौघे (काकूंसह, पुतण्या सोडून) पोहोचून तीनच दिवस झाले होते आणि आदल्या रात्री कोणाचीच झोप धड झाली नव्हती. पाचला निघायचे तिथे सूर्योदय काकूंबरोबर काठावरून पाहावा असे ठरले, मग चहा झाला, मग गाडी लावायला जागा शोधण्यात वेळ गेला, आणि पायवाटेच्या तोंडाशी काढलेल्या पहिल्या छायाचित्रावर सहा वाजून पन्नास मिनिटे ही वेळ आहे.

इथे पहिला निर्णय व्हायला हवा होता. जवळजवळ दोन तास गेले होते. दोन वाजता वर यायचे असेल तर गंतव्य जवळ आणायला हवे होते. चौघांपैकी कोणीही हा विषय काढला नाही. मुलीने मला सांगितले की तिच्या मनात तो आला होता, पण खाली उतरायला सुरुवात करतानाच परत फिरण्याचे बोलणे तिला अपशकुनासारखे वाटले.

दीड मैलाच्या शेडजवळ उद्यानाची एक स्वयंसेविका उभी होती. उष्णतेच्या बळींनंतर, १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून, या उद्यानात वाटेवरच लोकांशी बोलून अपघात टाळण्याचे काम चालते. उतरणाऱ्यांना थांबवून ही माणसे दोन-चार साधे प्रश्न विचारतात. तिने कुठे जाणार, खायला काय आहे, पाणी किती आहे हे विचारले आणि शेवटी किती वाजता परत फिरणार असे विचारले. पहिल्या तिन्ही प्रश्नांना पुतण्याने चटचट उत्तरे दिली. चौथ्याला काकांनी हसून "गार्डनला पोहोचलो की" असे सांगितले. प्रश्न वेळेचा होता आणि उत्तर जागेचे मिळाले. तिने उतरण्याच्या दुप्पट वेळ चढायला धरा एवढे सांगून त्यांना जाऊ दिले.

उतार आनंदात झाला. तीन मैलांच्या शेडनंतर जेकब्ज लॅडर नावाची वळणावळणांची उतरंड लागते. तिथे खच्चरांचा तांडा खालून वर आला तेव्हा चौघे नियमाप्रमाणे वाटेच्या डोंगराकडच्या बाजूला सरकून निमूट उभे राहिले. ९.३५ला सगळे गार्डनमध्ये पोहोचले. पावणेतीन तासांत ७.२ किलोमीटर झाले, कोणाला फोड नाही, कोणाचा गुडघा दुखत नाही. झाडांखाली गारवा होता, झऱ्याचा आवाज येत होता.

गार्डनमधला निर्णय

काका म्हणाले, "इतकं आलोच आहोत, तर सपाटीचंच चालणं आहे." हे खरेही होते. दीड मैल सपाट वाट म्हणजे येऊरच्या रस्त्यावरची रविवारची फेरी. पण हिशेबात धरायला हवे होते ते वेगळेच होते : दीड मैल जाणे, तेवढेच येणे, दोन्ही वेळा सावलीशिवाय, आणि परत येईपर्यंत वाजणारे बारा. दहाच्या आत चढ सुरू करण्याची संधी तिथे संपत होती. ९.५०ला जर चौघे वर वळले असते तर चढाचा मोठा भाग उन्हात झाला असता, पण निदान जेकब्ज लॅडर अकराच्या सुमारास पार पडून तीन मैलांच्या शेडची सावली आणि नळ हाताशी आला असता.

मुलीला जायचे नव्हते. तिने ते बोलून दाखवले नाही. पुतण्याने आकाशाकडे पाहून "काका, ऊन वाढेल" इतकेच म्हटले. भाचा गप्प होता आणि नंतर कळले की त्याचे डोके तेव्हाच थोडे जड झाले होते. आपल्याकडे घरातल्या मोठ्या माणसाला, त्यातही जो डोंगरात आपल्यापेक्षा दहापट फिरला आहे त्याला, "तुम्ही चुकताय" असे सांगण्याची रीत नाही, आणि एरवी ही रीत आपल्याला सांभाळतेही. इथे तिच्यामुळे चार माणसांकडे असलेली माहिती एकत्र आली नाही. काकांना कोणी सांगितले असते तर त्यांनी ऐकले असते, असे ते स्वतः म्हणतात आणि नदीचा विचार त्यांनी किती सहज सोडला ते पाहता मला त्यावर विश्वास आहे. त्यांनी विचारले मात्र नाही.

१०.४०ला प्लॅटो पॉइंट. वीस मिनिटे थांबून परत. परतीच्या वाटेत भाचा मागे पडू लागला. गार्डनमध्ये ११.५५ला तो सावलीत बसला तेव्हा त्याला मळमळत होते, डोके ठणकत होते आणि बोटातली अंगठी निघत नव्हती, इतकी बोटे सुजली होती.

आजारपणाचे निदान

सगळ्यांनी एकच अर्थ लावला : पाणी कमी पडले. पुतण्याने बाटली पुढे केली, काकांनी आग्रह केला. इतक्या कोरड्या हवेत हा समज होणे स्वाभाविक आहे. ठाण्यात मे महिन्यात चालले की सदरा पिळून काढावा इतका भिजतो आणि आपण किती घाम गाळला हे डोळ्यांना दिसते. वाळवंटात घाम येताच उडून जातो. भाच्याचा टीशर्ट पूर्ण कोरडा होता आणि पाठीवर, पट्ट्यांच्या कडेने, मिठाच्या पांढऱ्या रेषा उमटल्या होत्या. शरीरातून पाणी आणि मीठ दोन्ही गेले होते. त्याने परत घातले होते ते फक्त पाणी. शर्यतींच्या सवयीने तो दर दहा मिनिटांनी ठरवून घोट घेत होता. पाण्याची पिशवी एकदा रिकामी करून पुन्हा भरली होती, म्हणजे सकाळपासून पाच लिटरच्या आसपास पाणी पोटात गेले होते. खाण्याच्या नावाने दोन चॉकलेटच्या वड्या. भाजलेले खारे शेंगदाणे आणि चिवडा काकूंनी ठाण्याहून आवर्जून आणले होते, पण तो डबा काकांच्या पाठपिशवीच्या तळाशी होता आणि उन्हात कोणाला खाण्याची इच्छा नव्हती.

ठाण्यावरची रेंजर येऊन बसली आणि तिने आधी विचारले, लघवी किती वेळा झाली आणि रंग कसा होता. भाच्याने सांगितले, चार-पाच वेळा, अगदी स्वच्छ. या उत्तराने चित्र पालटले. पाणी कमी पडलेल्या माणसाची लघवी थोडी आणि गडद होते, त्याला तहान असते. भरपूर पाणी प्यालेला, वारंवार स्वच्छ लघवी होणारा, खाल्लेले काहीच नसलेला आणि हात सुजलेला माणूस बहुधा रक्तातले सोडियम उतरल्यामुळे आजारी असतो, आणि त्याला आणखी पाणी पाजणे हे त्याचा आजार वाढवणे आहे. ग्रँड कॅन्यनमध्ये हा प्रकार नवा नाही. बोलण्यात गोंधळ, तोल जाणे, झटके ही लक्षणे दिसली तर क्षणाचाही विलंब न लावता वैद्यकीय मदत मागवावी लागते. भाचा नीट बोलत होता, प्रश्नांना बरोबर उत्तरे देत होता. तिने पाणी थांबवायला आणि खारे काहीतरी हळूहळू खायला सांगितले. डबा बाहेर आला. शेंगदाण्यांची पहिली मूठ त्याने दहा मिनिटे चघळली.

वर निघण्याची वेळ

यानंतर काकांची ओढ लगेच निघण्याकडे होती. काकू दोन वाजता वर वाट पाहणार होत्या, दरीत फोनला संपर्क नव्हता, आणि घरच्या माणसाला ताटकळत ठेवणे त्यांना सहन होत नव्हते. पर्याय दोन होते : बारा-साडेबाराला हळूहळू चढायला लागणे, किंवा चारपर्यंत सावलीत थांबणे. पहिल्यात काकूंची काळजी मिटत होती, पण आजारी माणूस आणि चढाची सर्वांत तापलेली वेळ एकत्र येत होती. दुसऱ्यात अंधार पडणार हे नक्की होते.

रेंजरने थांबण्याचा सल्ला दिला. निर्णय मात्र मुलीने घेतला. ती म्हणाली, "बाबा, आई काळजी करेल, पण बसलेली असेल. आपण चारला निघू. वेळ आता मी सांगणार." काकांनी मान हलवली आणि बूट काढून पाय झऱ्यात सोडले. पुढच्या चार तासांत चौघांनी सदरे आणि टोप्या झऱ्यात भिजवून घातल्या, थोडे थोडे खाल्ले, पुतण्या आणि मुलगी अर्धा-अर्धा तास झोपले. तीनच्या सुमारास भाच्याची मळमळ थांबली आणि अंगठी सैल झाली.

काकूंना कळवण्यासाठी वर जाणाऱ्या एका तरुणाकडे चिठ्ठी दिली होती. ती पोहोचली नाही, कारण काकू उन्हामुळे ठरलेल्या बाकावरून उठून सावलीत गेल्या होत्या. दोन वाजले, तीन वाजले. उशीर झाला तर किती वेळ थांबायचे आणि मग कोणाला सांगायचे, हे त्यांना कोणी सांगून ठेवले नव्हते. इंग्रजीत बोलण्याचा संकोच होता. पाच वाजता त्यांनी धीर करून उद्यानाच्या एका कर्मचाऱ्याला गाठले, फोनमधले चौघांचे सकाळचे छायाचित्र दाखवले, आणि त्याने बिनतारी यंत्रावर खाली चौकशी करून मंडळी चढायला निघाल्याचे सांगितले. काकूंचे ते तीन तास या प्रकरणातला सर्वांत वाईट भाग होता असे माझे मत आहे, आणि तो संपूर्ण टाळता येण्याजोगा होता.

चढ

४.१५ला सुरुवात झाली. मुलगी पुढे, तिच्यामागे भाचा, मग काका, शेवटी पुतण्या. बोलता येईल इतक्याच वेगाने चालायचे आणि वीस मिनिटांनी थांबायचेच, कोणाला हवे असो वा नसो. इथे काकांचा अनुभव कामी आला. दिवसभर तापलेल्या लाल चुनखडीच्या भिंतीतून जेकब्ज लॅडरची वळणे चढताना त्यांनी नळीच्या वाटेवर वापरतात तसा आखूड, एकसारखा पाऊल टाकण्याचा वेग धरला आणि दोन्ही मुलांना तो शिकवला. वरच्या नळांवर प्रत्येक वेळी डोके आणि सदरा ओला केला गेला. साडेसातनंतर सूर्य मावळला. चौघांत मिळून एकच डोक्याला लावायचा दिवा होता. तो मुलीने आपल्याकडे न ठेवता मधल्या दोघांना दिला आणि शेवटचा भाग फोनच्या उजेडात झाला. ८.५०ला काकू पायवाटेच्या तोंडाशीच उभ्या होत्या.

निष्पत्ती

भाच्याला दुसऱ्या दिवशी थकव्याखेरीज काही उरले नाही. काकांचे गुडघे दोन दिवस दुखले. कुटुंबाने एक दिवस पूर्ण विश्रांती घेतली आणि मग ते युटा राज्यातील झायन राष्ट्रीय उद्यानात गेले. तिथे व्हर्जिन नदीच्या पात्रातून, उंच भिंतींच्या मधून चालण्याची नॅरोज नावाची जागा आहे. निघण्यापूर्वी मुलीने वहीत जागा लिहिलीच नाही, "११.३०ला जिथे असू तिथून मागे" एवढेच लिहिले. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही आणि युटा करतो, त्यामुळे दोन्ही उद्यानांत एका तासाचा फरक पडतो. तोही या वेळी लक्षात ठेवला गेला. ११.३०ला पुढच्या वळणापलीकडे काय आहे हे पाहण्याचा मोह भाच्याला झाला आणि काकांनीच त्याला मागे वळवले.

नॅरोजसारख्या चिंचोळ्या दऱ्यांत घड्याळाइतकेच आकाश महत्त्वाचे असते, आणि तेही डोक्यावरचे नव्हे तर वरच्या खोऱ्यातले. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातील लोअर अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ जण वाहून गेले. पाऊस दूर वरच्या भागात पडला होता. जुलै ते सप्टेंबर या तिथल्या पावसाळ्यात जाणाऱ्यांनी त्या दिवसाचा अचानक पुराचा अंदाज पाहिल्याशिवाय आत पाऊल टाकू नये. सांदण दरीत ज्यांनी पाणी चढताना पाहिले आहे त्यांना हे वेगळे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

काय वेगळे करता आले असते

चौघांनाही विचारले तर ते उशिरा निघणे हे मूळ कारण सांगतात. मला ते पुरेसे वाटत नाही. उशिरा निघूनही तीन मैलांच्या शेडवरून परत फिरता आले असते आणि दिवस सुखाने संपला असता. परत फिरण्याची वेळ काठावरच, उतरण्याआधी ठरवून सगळ्यांसमोर मोठ्याने सांगितली असती तर सुरुवातीचा उशीर आपोआप अंतरातून वजा झाला असता. जागा ठरवली की उशीर उन्हात भरून काढावा लागतो.

दुसरी गोष्ट निर्णय कोणी घ्यायचा याची. ज्येष्ठाचा मान राखूनही हे काम वेगळ्या माणसाकडे देता येते. आमच्या भटकंतीच्या गटात आता वेळ पाहणारा आणि वाट दाखवणारा असे दोघे निघण्यापूर्वीच नेमले जातात आणि वेळ पाहणारा शक्यतो वयाने लहान असतो. त्याला "काका, वेळ झाली" म्हणताना उद्धटपणा वाटत नाही, कारण ते त्याला सोपवलेले काम असते. शिवाय प्रत्येक थांब्यावर वयाने सर्वांत लहान असलेल्याला आधी बोलायला लावले जाते. गार्डनमध्ये हे झाले असते तर भाच्याचे जड झालेले डोके ९.३५लाच सर्वांना कळले असते.

काठावर थांबणाऱ्या माणसाच्या हाती एक कागद द्यावा : चौघांची नावे, कपड्यांचे रंग, वाट, परतण्याची वेळ, आणि त्यानंतर किती वाजता कोणाकडे जायचे. कागद इंग्रजीत असावा, म्हणजे तो नुसता पुढे करता येतो. खाण्याचा खारा डबा प्रत्येकाच्या पिशवीत, वरच्या कप्प्यात असावा आणि पाणी घड्याळाप्रमाणे न पिता तहानेप्रमाणे, खाण्याबरोबर प्यावे. दिवा प्रत्येकाकडे स्वतंत्र असावा, मग बेत दुपारी परतण्याचा का असेना.

सरावाबद्दलही एक सांगण्यासारखे आहे. येऊर आणि मामा-भांजेने पाय घडतात, पण तिथे चढ आधी येतो. आमच्या मंडळींनी आता अशा सहलींच्या आधी माथेरानला वर राहून, सकाळी पठारावरून खालच्या वाडीपर्यंत उतरायचे आणि दुपारच्या आत परत चढून यायचे, असा सराव सुरू केला आहे. पहिल्याच वेळी तिघांचे उतरण्याचे आणि चढण्याचे अंदाज साफ चुकले.

काका एका मुद्द्यावर अजून ठाम आहेत. ठरल्याप्रमाणे पाचला निघालो असतो तर प्लॅटो पॉइंट बरोबरच होता, असे त्यांचे म्हणणे आहे. मुलीने त्याच दिवशीच्या नोंदी घेऊन हिशेब मांडला. पाचला निघून पावणेआठला गार्डन, नऊच्या आत प्लॅटो पॉइंट, दहाला परत गार्डनमध्ये, थोडी विश्रांती घेऊन साडेदहाला चढ. त्या दिवशी संध्याकाळच्या उतरत्या उन्हात चढाला चार तास पस्तीस मिनिटे लागली होती. म्हणजे अगदी तोच वेग टिकला असता तरी साडेदहा ते तीन हा पूर्ण चढ उद्यानाने टाळायला सांगितलेल्या वेळेत पडतो, आणि टाळायचा तर गार्डनमध्ये सहा तास बसून राहावे लागते. ऑक्टोबरच्या अखेरीस तोच बेत चालून जाईल, हे तीही मान्य करते. जूनबद्दल दोघांचे एकमत अजून झालेले नाही.